आई किंवा वडील तुरुंगात असताना मुलाचे काय? पहिल्या रात्रीपासून सुटकेनंतरपर्यंत

घरातल्या माणसाला अटक झाली की सगळे मोठे एकाच गोष्टीमागे धावू लागतात. वकील कोण करायचा, जामीनदार कोण राहणार, रिमांड किती दिवसांची मिळाली, पैसे कुठून उभे करायचे, या धावपळीत केस सांभाळायला दहा माणसे निघतात, आणि मूल मात्र शेजारणीच्या घरात टीव्हीसमोर बसवलेले असते. म्हणून या लेखातली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना सुरुवातीलाच देतो. केस पाहणारा माणूस आणि मूल पाहणारा माणूस वेगवेगळा ठेवावा. ती आत्या असो, मामा असो, आजी असो, पण मुलाने रोज ज्याच्याकडे पाहायचे असे एकच प्रौढ माणूस पहिल्याच दिवशी ठरवावे, आणि त्या माणसाला कोर्ट-कचेरीच्या फेऱ्यांतून मोकळे ठेवावे. पुढे सांगितलेले सगळे या एका माणसाने करायचे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशभरातील तुरुंगांत १,५३७ महिला आपल्या १,७६४ मुलांसह राहत होत्या. त्याच दिवशी एकूण बंद्यांची संख्या ५,७३,२२० होती आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे खटला अजून न संपलेले होते. आत राहणाऱ्या मुलांची मोजदाद होते, परंतु बाहेर राहिलेल्या, आजीच्या किंवा काकांच्या घरी वाढणाऱ्या मुलांचा रकाना त्या अहवालात नाही. हा लेख मुख्यतः त्या मुलांसाठी आणि महाराष्ट्रातील परिस्थिती धरून लिहिला आहे.

पहिली रात्र

अटक मुलासमोर होत असेल, तर पोलिसांना दोन गोष्टी नम्रपणे पण स्पष्टपणे सांगाव्यात. मुलाला दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी नेण्यासाठी पाच मिनिटे द्यावीत, आणि आई किंवा वडिलांना मुलाशी दोन वाक्ये बोलू द्यावीत. बहुतेक अधिकारी ही विनंती नाकारत नाहीत. विनंती करायलाच कुणी भानावर नसते, ही खरी अडचण आहे. निरोप न घेता नाहीसे झालेले माणूस मुलाच्या मनात फार काळ घर करून राहते. अटकेची व ठेवलेल्या ठिकाणाची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला देणे पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ठाण्याचे नाव लगेच लिहून घ्यावे. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थितीत व न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीनेच अटक करता येते, हेही माहीत असलेले बरे.

आईला नेत असतील तर जाण्यापूर्वी तिला विचारून घ्यायच्या गोष्टी अगदी घरगुती आहेत, आणि पुढच्या आठवड्यात त्याच सर्वांत जास्त लागतात. मुलाचे औषध कोणते आणि किती वाजता, जन्मदाखला व आधार कुठल्या डब्यात, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा नंबर, रात्री झोपताना काय लागते. एका चार वर्षांच्या मुलाने आईच्या अटकेनंतर तीन रात्री डोळा मिटला नाही. शेवटी मावशीला कळले, की तो आईच्या साडीचा पदर मुठीत धरून झोपत असे. साडी कपाटातच होती, पण त्या तीन दिवसांत कुणीही त्याला काही विचारले नव्हते. मूल अंगावर पिणारे असेल, तर ते पोलिसांना आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात वकिलामार्फत लगेच सांगावे.

घरात सांभाळणारे कुणीच नसेल, तर १०९८ या बाल मदत क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो. अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर करावे लागते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या धास्तीने नातेवाईक मुलाला एका घरातून दुसऱ्या घरात लपवत फिरतात. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असते. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बालगृह असते. ही दोन्ही वेगळी आहेत. पालक तुरुंगात गेला म्हणून मूल आरोपी होत नाही आणि त्याला निरीक्षणगृहात ठेवता येत नाही.

मूल कुणाकडे राहणार

हा निर्णय भावनेच्या भरात होतो आणि महिन्याभरात फिसकटतो. अंत्यविधीला जमावेत तसे सगळे जमतात, ‘आम्ही आहोत ना’ म्हणतात, आणि दोन भावंडे दोन घरांत वाटली जातात. शक्य तोवर भावंडांना एकत्र ठेवावे. त्यासाठी शाळा बदलावी लागली तरी हरकत नाही, असे माझे मत आहे. शाळेतले मित्र नवे मिळतात, परंतु त्या रात्री काय घडले हे ज्याच्याशी बोलता येते असे जगात दुसरे एकच माणूस असते, आणि ते म्हणजे भाऊ किंवा बहीण. आजी-आजोबांकडे ठेवायचे असेल, तर त्यांचे वय आणि दुखणी लक्षात घेऊन आठवड्यातून एक-दोन दिवस दुसऱ्या कुणीतरी मुलाला न्यायचे, हेही त्याच बैठकीत ठरवावे.

नातेवाइकाकडे मूल सुरक्षित असेल, तर समितीकडे जाण्याची सक्ती नाही. तरीही केस लांबणार असे दिसत असेल तर जाण्यात फायदा आहे. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, आजी किंवा काकांकडे मुलाचा ताबा रीतसर सोपवू शकते, आणि त्या आदेशाची प्रत शाळा, बँक, दवाखाना अशा सगळीकडे उपयोगी पडते. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षात याची सुरुवात करता येते.

एका कागदाबाबत मात्र कमालीची सावधगिरी हवी. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये ‘समर्पण’ अशी तरतूद आहे, आणि तिचा अर्थ पालकत्वाचा हक्क कायमचा सोडणे, म्हणजे मूल दत्तक जाण्याची वाट मोकळी करणे असा होतो. पुनर्विचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते, परंतु तुरुंगात असलेल्या बाईला ती कधी सुरू झाली आणि कधी संपली हेही कळणार नाही. तात्पुरत्या सांभाळासाठी समर्पणाची काहीही गरज नसते. आईच्या सहीसाठी कागद आत जात असेल, तर त्यावर नेमके काय लिहिले आहे हे वकिलाने किंवा मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रतिनिधीने तिला तिच्या भाषेत वाचून दाखवलेच पाहिजे.

मुलाला काय सांगायचे

‘बाबा दुबईला कामाला गेलेत.’ आपल्याकडे हे उत्तर इतके सर्रास दिले जाते, की तुरुंगाच्या दारात रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या घरी दुबई, कुवेत, सुरत किंवा ‘गावाकडे शेतीचं काम’ यांपैकी एक काहीतरी चालू असतेच. हे खोटे प्रेमापोटी बोललेले असते, याविषयी शंका नाही. परंतु ते टिकत नाही. वर्गातला एखादा मुलगा, रस्त्यावरची एखादी बाई, मोबाईलवर आलेली बातमी, यांतून मुलाला खरे कळतेच, आणि त्या दिवशी त्याला दोन गोष्टी एकदम कळतात: वडील तुरुंगात आहेत, आणि घरातले सगळे माझ्याशी खोटे बोलत होते. पहिला धक्का मूल सोसते. दुसऱ्यानंतर ते घरात काही विचारणेच सोडून देते. शिवाय दुबईला गेलेला बाप फोन का करत नाही, खेळणी का पाठवत नाही, याचे उत्तर मूल स्वतःपुरते शोधते, आणि ते बहुधा ‘मी त्याला आवडत नाही’ असे असते.

म्हणून खरे सांगावे, वयाला पेलेल इतके सांगावे, आणि शक्य असेल तर पहिल्या आठवड्यातच सांगावे. चार ते सात वर्षांच्या मुलाला पुढील शब्द पुरतात: “बाबांनी नियम मोडला असं पोलिसांना वाटतंय. खरं काय झालं ते न्यायाधीश ठरवणार आहेत. तोपर्यंत बाबांना तुरुंग नावाच्या मोठ्या घरात राहावं लागणार आहे. तिथे त्यांना जेवण मिळतं, झोपायला जागा असते, पण तिथून त्यांना घरी येता येत नाही. तू माझ्याकडे राहणार आहेस.” एवढे बोलून थांबावे आणि मुलाच्या प्रश्नांची वाट पाहावी. प्रश्न लगेच येत नाहीत. दोन दिवसांनी, आंघोळ घालताना किंवा भाजी निवडताना अचानक येतात.

ते प्रश्न जवळजवळ सगळ्या मुलांचे सारखेच असतात. हे माझ्यामुळे झाले का? तिथे त्यांना मारतात का? तुला पण नेतील का? आणि ते कधी येणार? पहिल्याचे उत्तर मुलाने विचारले नाही तरी द्यावे, कारण ज्या सकाळी मुलाने दूध सांडले किंवा ‘तू मला नको’ असे म्हटले त्याच दिवशी आई गेली असेल, तर त्या दोन गोष्टींची गाठ मुलाच्या डोक्यात पक्की बसलेली असते. तिसऱ्याचे उत्तर “मी कुठेही जाणार नाही” असे न देता, “मी इथेच आहे, आणि मला कधी बरं नसलं तर मावशी येईल” असे द्यावे. मुलाला दुसरा आधार ठाऊक असला की पहिला गमावण्याची भीती थोडी कमी होते.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. न्यायाधीन बंद्याच्या बाबतीत ‘पुढच्या तारखेला सुटतील’ असे कधीही सांगू नये. तारीख पडते, वकील येत नाहीत, साक्षीदार येत नाही, पुन्हा तारीख पडते, आणि दर वेळी मूल नवा शर्ट घालून दारात बसते. “मला माहीत नाही, पण कळलं की सगळ्यांत आधी तुला सांगेन” हे उत्तर ऐकायला कोरडे वाटते, तरी ते पाळता येते.

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना गुन्ह्याचे नावही सांगावे लागते, कारण ते इंटरनेटवर शोधणारच आहेत. त्यांच्याशी बोलताना आरोप आणि सिद्ध झालेला गुन्हा यांतला फरक समजावून सांगावा. पालकाने खरोखर वाईट कृत्य केले असेल तर त्याला चांगले म्हणण्याची गरज नाही. वडिलांचे ते वागणे चुकीचे होते आणि तरीही तुला त्यांची आठवण येते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कुणीतरी मोठ्याने म्हणावे लागते. किशोरवयीन मुलगे बहुधा गप्प होतात आणि घरचे कर्ते व्हायला निघतात; मुली स्वयंपाक आणि धाकटी भावंडे अंगावर घेतात. शेजारीपाजारी त्याचे ‘किती शहाणं पोर’ म्हणून कौतुक करतात. त्या कौतुकापासून मुलाला वाचवावे.

‘बापावर गेलाय’ हे वाक्य घरात कुणीही, रागातही, उच्चारू नये. पारधी समाजासारख्या ज्या समाजांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्या मुलांना तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यानंतरही हे वाक्य गावात, शाळेत आणि पोलीस ठाण्यात ऐकावे लागते. त्यांना ते निदान घरात तरी ऐकावे लागू नये.

शाळा

शाळेत कुणाला सांगायचे? माझे उत्तर: एका माणसाला. वर्गशिक्षिका किंवा मुख्याध्यापक यांपैकी जे विश्वासाचे वाटतील त्यांना एकट्याने भेटून थोडक्यात सांगावे, आणि ते स्टाफरूममध्ये जाऊ नये अशी स्पष्ट विनंती करावी. त्यांच्याकडून तीन गोष्टी मागाव्यात: तुरुंगातील भेटीच्या दिवसाची गैरहजेरी समजून घेणे, पालकसभेला आजी किंवा काका आले तर चारचौघांत चौकशी न करणे, आणि ‘माझे बाबा’ या विषयावर निबंध असेल तेव्हा दुसरा विषय निवडायची मुभा देणे. मुलाला मित्रांसाठी एक तयार वाक्य द्यावे, म्हणजे “बाबा सध्या आमच्यासोबत राहत नाहीत, मला त्याबद्दल बोलायचं नाही.” हे खोटे नाही, आणि पुरेसे आहे.

मुक्काम बदलल्यामुळे शाळा बदलायची असेल, तर सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही.

मुलाची ओळख जपणे हे सौजन्यापलीकडचे, कायद्याचे काम आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे. स्थानिक वार्ताहर कॅमेरा घेऊन दारात आला, तर त्याला हे कलम सांगावे.

मुलाखत

तुरुंगातील भेटीला ‘मुलाखत’ म्हणतात. मुलाला न्यावे की नाही, यावर घराघरांत वाद होतात. मुलाला जायचे असेल आणि त्या पालकापासून त्याला धोका नसेल तर न्यावे, कारण मुलाच्या कल्पनेतला तुरुंग प्रत्यक्षापेक्षा बहुतेक वेळा भयंकर असतो. परंतु तयारी न करता नेण्यापेक्षा न नेलेले बरे.

आधी फोनवरून किंवा स्वतः जाऊन त्या कारागृहाचे मुलाखतीचे वार, वेळ, लागणारी ओळखपत्रे आणि एका वेळी किती माणसांना सोडतात, हे विचारून घ्यावे. हे प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असते, आणि न्यायाधीन व शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी नियमही वेगळे आहेत. मुलाचे आधार किंवा जन्मदाखला आणि सांभाळणाऱ्याचे ओळखपत्र सोबत हवे. मोबाईल व पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, रांग मोठी असते आणि भेट काही मिनिटांची असते. येरवड्याला किंवा नाशिकरोडला दुसऱ्या जिल्ह्यातून येणारी कुटुंबे पहाटेची गाडी पकडतात, म्हणून मुलाला घरून खाऊ घालून न्यावे, पाण्याची बाटली आणि चित्रे काढायला वही घ्यावी.

आदल्या रात्री मुलाला सगळे क्रमाने सांगावे: पोलीस तुझे खिसे तपासतील, तिथे मोठे दार आहे, बाबांच्या आणि आपल्या मध्ये काच किंवा जाळी असेल, फोनमधून बोलायचे. हे न सांगता नेलेली सहा वर्षांची एक मुलगी मला आठवते. काचेपलीकडे वडील दिसताच तिने रिसीव्हर तसाच सोडला आणि दोन्ही तळवे काचेला टेकवले. वडिलांनी पलीकडून आपले तळवे त्यावर ठेवले. खाली लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधून ‘बोल ना, बोल ना’ असा त्यांचा आवाज बारीक येत राहिला, आणि तिला तो ऐकूच गेला नाही. वेळ संपल्याचे सांगायला शिपाई आला तेव्हा दोघांत एक शब्दही झालेला नव्हता. पुढच्या वेळी तिच्या काकूने घरी स्टीलचा पेला घेऊन आरशासमोर बसून फोनचा सराव करून घेतला, आणि विचारायचे तीन प्रश्न तिच्या तळहातावर पेनाने लिहून दिले.

भेटीआधी आतल्या पालकालाही पत्रातून किंवा वकिलामार्फत निरोप द्यावा, की केसचे बोलणे मुलासमोर नको, रडू आले तरी चालेल, पण ‘तूच आता घरातला मोठा’ असे म्हणू नये. भेटीनंतर मूल एक-दोन दिवस चिडचिड करते, अंथरूण ओले करते किंवा अगदी गप्प होते. यावरून ‘भेटीचा त्रासच होतो, नको न्यायला’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तो निरोपाचा ताण असतो, आणि भेटी नियमित झाल्या की बहुधा ओसरतो. त्या संध्याकाळी पाहुणे किंवा शिकवणी काहीही ठेवू नये.

राज्यातील काही कारागृहांत ‘गळाभेट’ हा उपक्रम घेतला जातो, त्यात बंद्यांना आपल्या मुलांना काचेशिवाय, प्रत्यक्ष जवळ घेऊन भेटता येते. तो कधी आहे याची चौकशी करत राहावी आणि अधीक्षकांच्या नावे अर्ज देऊन ठेवावा. दूर राहणाऱ्यांसाठी ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या ऑनलाइन प्रणालीवरून ‘ई-मुलाखत’, म्हणजे व्हिडिओवरची भेट, नोंदवता येते. व्हिडिओवर लहान मूल दोन मिनिटांत कंटाळते, म्हणून त्याला दाखवायला एखादी वस्तू, नवे चित्र किंवा पडलेला दात हातात देऊन बसवावे.

पत्रे मात्र सर्वांत कमी वापरली जातात आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोगी ठरतात. ती तपासली जातात हे लक्षात ठेवून केसविषयी काही लिहू नये. मुलाने दर आठवड्याला एक पोस्टकार्ड लिहावे किंवा त्यावर चित्र काढावे. आतून आलेले उत्तर मूल उशीखाली ठेवते, पुन्हा वाचते, आणि ते काही मिनिटांत संपत नाही.

कोर्टाच्या तारखेला, पोलीस गाडीपाशी, पालकाची ओझरती गाठ घेण्यासाठी मुलाला नेण्याची पद्धत आहे. ती मोडावी. तिथे मुलाला दिसते ती बेडी, धक्काबुक्की आणि जाळीआड जाणारा चेहरा, आणि बोलणे तर होतच नाही.

आईबरोबर आत राहणारे मूल

सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात १३ एप्रिल २००६ रोजी दिलेल्या निकालानुसार मूल वयाच्या सहा वर्षांपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकते. त्या मुलाला बंदी म्हणून वागवता येत नाही. आहार, औषधोपचार, कपडे, लहानांसाठी पाळणाघर आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी यांवर त्याचा हक्क आहे. बाळंतपण शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात व्हावे, आणि तुरुंगात जन्म झालाच तर जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहू नये, असेही त्या निकालात सांगितले आहे. दाखला हातात आल्यावर तो रकाना नातेवाइकाने स्वतः वाचावा.

अशी मुले कुत्रा, बस, बाजार, भाजीवाला काहीही न पाहता वाढतात. पुरुषांचा आवाज त्यांना परका असतो. म्हणून आजी-मावशीने अधूनमधून मुलाला परवानगीने चार दिवस बाहेर आणावे. सहावे वर्ष पूर्ण होण्याच्या दिवशी मूल अचानक बाहेर आले, तर त्याच्या दृष्टीने ती दुसरी अटक असते. त्याआधी निदान सहा महिने, ज्या घरी ते जाणार आहे त्या घरच्या माणसांनी नियमित भेटायला जावे. आईच्या इच्छेनुसार योग्य व्यक्तीकडे, आणि तशी व्यक्ती नसेल तर संस्थेत, तीही शक्यतो त्याच शहरातल्या, असा क्रम त्या निकालात आहे. आणि संस्थेत राहणाऱ्या मुलाला आठवड्यातून किमान एकदा आईला भेटू द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. संस्था टाळाटाळ करत असेल तर बाल कल्याण समितीकडे लेखी तक्रार करावी.

पैसा आणि कागद

महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेत, जिला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे, दरमहा २,२५० रुपये मिळतात. एकपालक, विघटित व संकटग्रस्त कुटुंबांतील मुलांबरोबर जन्मठेपेच्या बंद्यांची मुलेही तिच्यात येतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेतील प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलाच्या सांभाळासाठीच्या मदतीची, रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे, आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० व शहरी भागात ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. आपल्या मुलाला कोणती लागू होते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे, अर्जाची पोच घ्यावी, आणि पालक कारागृहात असल्याचे पत्र अधीक्षकांकडून आधीच मागून ठेवावे. पालकाची सही लागणारे कागद, जसे शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा संमतीपत्र, कारागृहात पाठवून अधिकाऱ्यांसमोर सही करून आणता येतात. एकेक न पाठवता सगळे एकदम पाठवावेत.

शिक्षा झालेला बंदी कामाच्या मजुरीतून घरी पैसे पाठवू शकतो. येरवडा मध्यवर्ती कारागृहात १ मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू झाली, तिच्यात बंद्याला ७ टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि ते त्याच्या मजुरीतून फिटते. मुलाची फी आपल्या कष्टातून गेली हे मुलालाही सांगावे. ती रक्कम किती मोठी आहे याला फारसे महत्त्व नाही.

वकिलासाठी घर विकायला काढण्यापूर्वी हे ठाऊक असावे, की कोठडीतील व्यक्ती, महिला आणि मुले यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. संपर्क जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी किंवा १५१०० वर. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंदी आणि त्यांच्या कुटुंबांसोबत काम करतो आहे. मुंबई-ठाणे परिसरातील कुटुंबांनी त्याच्या समाजकार्यकर्त्यांची भेट मागावी. मुलाची झोप, भूक किंवा बोलणे महिना उलटला तरी पूर्ववत होत नसेल, किंवा ते मरणाची भाषा बोलत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी मोफत आहे.

गुन्हा घरातच घडलेला असेल तेव्हा

वडिलांनी आईला मारले, किंवा मुलावरच अत्याचार झाला, अशा घरांना वर सांगितलेले भेटीचे नियम लागू करू नयेत. मूल साक्षीदार असेल तर त्याच्याशी केसविषयी घरातील कुणीही बोलू नये, त्याला पढवू नये, आणि आरोपीकडून येणारा निरोप, मग तो आजीमार्फत का येईना, पोहोचवू नये. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. अशा मुलाला दोन्हीकडचे आजी-आजोबा आपल्याकडे ओढतात. मूल कुठे राहावे हा निर्णय त्या वेळी समितीवर किंवा न्यायालयावर सोपवणेच शहाणपणाचे. भेटायचे की नाही हे समुपदेशकाच्या मदतीने मुलाने ठरवावे, आणि त्याचे उत्तर दर वर्षी बदलू शकते.

रजा आणि सुटका

शिक्षा झालेल्या बंद्याला काही दिवस तुरुंगाबाहेर येऊ देणाऱ्या रजा दोन: संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. मुलाच्या आयुष्यातील मोठ्या प्रसंगांसाठी रजेचा अर्ज जरूर करावा. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बंद्याला, परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला निरोप देता यावा आणि फीची तजवीज करता यावी म्हणून, दहा दिवसांची रजा दिली होती. मात्र रजा मंजूर होऊन माणूस दारात येईपर्यंत मुलाला तारीख सांगू नये. आल्यावर त्याच दिवशी परतीची तारीख कॅलेंडरवर मुलाच्या हाताने खूण करून घ्यावी, नाहीतर परत जाण्याची सकाळ पहिल्या अटकेसारखीच होते.

सुटकेची बातमी आनंदाची असते, आणि तिच्यानंतरचे दोन-तीन महिने घराला फार जड जातात. पाच वर्षांची असताना सोडलेली मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिला आजीचा शब्द चालतो, वडिलांचा नाही. वडिलांना वाटते घरी आलो म्हणजे जागा जिथल्या तिथे आहे. म्हणून सुटण्याआधीच्या मुलाखतीतच बोलून घ्यावे, की मुलीचे रोजचे निर्णय अजून काही महिने आजीच घेईल, मारणे-ओरडणे अजिबात नाही, ती कुठे झोपते ते बदलायचे नाही, आणि वडिलांनी एकच काम नेमाने करायचे. एका घरात ते काम सायकलवरून शाळेत सोडण्याचे होते. पहिले तीन आठवडे ती मागे बसून एक शब्दही बोलली नाही, आणि चौथ्या आठवड्यात एके सकाळी तिने फाटकापाशी उतरताना विचारले, “संध्याकाळी पण तुम्हीच येणार का?”